पाच मिनिटांत वर्डप्रेस, पण तुमचं लिखाण कुठे गेलं?

पीएचडीला लागल्यावर पहिल्या वर्षभरात ही वेळ बहुतेक येतेच. गाइड म्हणतात, "आपल्या नमुन्यांची एक साइट करून टाक, तुला कॉम्प्युटरचं कळतं." सर्व्हरवर जागा मिळायला अर्ज-विनंत्या असतात, म्हणून आपण आधी स्वतःच्या लॅपटॉपवर सुरू करतो. एक्सएएमपीपी (बोलताना सगळे झॅम्प म्हणतात) उतरवून घ्यायचं, वर्डप्रेस उतरवून घ्यायचं आणि एखादा व्हिडिओ लावून 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जायचं.

वर्डप्रेसवाले या स्थापनेला 'सुप्रसिद्ध पाच मिनिटांची स्थापना' म्हणतात. विशेषण त्यांचंच. दावा खोटा नाही. मी घड्याळ लावून पाहिलं, सहा मिनिटं लागली. त्यातली दोन पासवर्ड ठरवण्यात गेली. एचटीडॉक्स फोल्डरमध्ये फाइली टाकल्या, पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये एक रिकामा डेटाबेस केला, त्याचं नाव वर्डप्रेसला सांगितलं, झालं. इतकी सोपी स्थापना फार थोड्या सॉफ्टवेअरची असते आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. माझी तक्रार वेगळी आहे. या पाच मिनिटांत तुम्हाला सगळं करायला सांगतात, पण तुम्ही पुढे जे लिहिणार आहात ते कुठे साठणार, हे कोणी सांगत नाही.

आधी आत काय चालतं ते बघा. झॅम्पमध्ये मुख्य तीन गोष्टी आहेत: अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी ही भाषा. (कंट्रोल पॅनलवर अजून 'मायएसक्यूएल' असंच लिहिलेलं दिसतं. नवशिक्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो. शेवटचा 'पी' पर्लचा, त्याच्याशी वर्डप्रेसचं काही देणंघेणं नाही.) तुम्ही ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा पत्ता टाकला की अपाची ती मागणी पीएचपीकडे देतो. पीएचपी कॉन्फिग फाइल वाचून डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड घेतं, डेटाबेसमधून मजकूर आणतं आणि त्या क्षणी पान तयार करतं. म्हणजे तुम्हाला दिसणारं पान फाइल म्हणून कुठेच पडलेलं नसतं. फोटो असतात 'अपलोड्स' फोल्डरमध्ये, वर्ष आणि महिन्याप्रमाणे लावलेले. मजकूर असतो डेटाबेसमध्ये, 'पोस्ट्स' नावाच्या तक्त्यात. माझ्या मते स्थापनेच्या पानावर पहिलं वाक्य हेच हवं होतं.

ते नसल्यामुळे काय होतं, हे आमच्या लॅबमध्ये पाहिलंय. एका ज्युनिअरने सव्वाशे झाडांच्या नोंदी अशा लोकल साइटवर केल्या होत्या. फुलोऱ्याचा काळ, माती, शेजारची झाडं, सगळं. लॅपटॉप मंद झाला म्हणून फॉरमॅट करायचं ठरलं. तिने अख्खं एचटीडॉक्स पेनड्राइव्हवर कॉपी केलं. काही जीबी भरलं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. नवीन झॅम्प टाकून फोल्डर परत ठेवलं, तर पडद्यावर एकच ओळ: डेटाबेसशी संपर्क होत नाही. नेटवर वाचून तिने त्याच नावाचा रिकामा डेटाबेस केला. मग पान उघडलं, आणि त्यावर काय होतं? पाच मिनिटांच्या सुप्रसिद्ध स्थापनेत आपलं स्वागत आहे.

फोटो सगळे होते. शब्द एकही नव्हता.

चूक तिचीच, असं म्हणता येईल. वर्डप्रेसच्या मार्गदर्शिकेत बॅकअपवर वेगळं पान आहे आणि तिथे फाइली आणि डेटाबेस दोन्ही घ्या, असं स्वच्छ लिहिलंय. पण ते पान माणूस उघडतो कधी? डेटा गेल्यावर. शिवाय त्या एका ओळीच्या संदेशामागे निदान चार कारणं असू शकतात: डेटाबेसचं नाव चुकलं, पासवर्ड चुकला, होस्टचं नाव चुकलं किंवा मायएसक्यूएल चालूच केलेलं नाही. कॉन्फिग फाइलमध्ये डिबग चालू केलं तर थोडा खुलासा मिळतो. सार्वजनिक साइटवर ही गुप्तता योग्यच आहे. लोकलवर बसलेल्या एकट्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग शून्य.

दुसरी गोष्ट माझ्यावर बेतलेली. साइट विभागाच्या सर्व्हरवर हलवली, डेटाबेसही नीट नेला, मुख्य पत्ता बदलला. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास दिसत होतं. सरांच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोच्या जागी रिकामी चौकट! कारण कळायला मला दीड दिवस लागला. वर्डप्रेस लेखात फोटो घालताना त्याचा पूर्ण पत्ता मजकुरातच लिहून ठेवतं, 'लोकलहोस्ट'सकट. लोकलहोस्ट म्हणजे 'हाच कॉम्प्युटर'. माझ्या लॅपटॉपवर झॅम्प चालू होतं, म्हणून फोटो तिथूनच येत होते. सरांचा कॉम्प्युटर ते स्वतःच्या पोटात शोधत होता.

मग मी अजून मोठी चूक केली. डेटाबेसची फाइल नोटपॅडमध्ये उघडून जुना पत्ता शोधून सगळीकडे नवा टाकला. पीएचपी काही सेटिंग्ज साठवताना मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहून ठेवतं. माझा जुना पत्ता २२ अक्षरांचा होता, नवा त्याहून मोठा. आकडा मात्र २२च राहिला. लांबी जुळली नाही की पीएचपी ती नोंद वाचतच नाही. बाजूच्या पट्टीतले विजेट गायब. हे काम डब्ल्यूपी-सीएलआयच्या सर्च-रिप्लेस आज्ञेने करायचं असतं, ती लांबीही दुरुस्त करते. आधी ड्राय-रन करून किती ठिकाणी बदल होणार तेही दाखवते.

हा दोष अपरिहार्य नाही. ड्रुपल आपल्या फाइलींची नोंद साइटच्या पत्त्याशिवाय ठेवतं, त्यामुळे त्याच्या फाइल-फील्डमधले फोटो हलवताना अडत नाहीत. वर्डप्रेस २००३ मध्ये ब्लॉगसाठी जन्मलं, आणि ब्लॉगचा पत्ता सहसा बदलत नाही. आपण त्याच्यावर नमुन्यांची नोंदवही लादतो, तेव्हा हा जुना स्वभाव आडवा येतो. तरी मी वर्डप्रेसच सुचवीन, कारण ड्रुपल शिकण्यात तुमचं एक सेमिस्टर जाईल.

फक्त स्थापना झाल्याझाल्या, पहिली नोंद टाकली की एक करा. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून डेटाबेस एक्स्पोर्ट करा, ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा (काही बदलू नका!) आणि त्यात तुम्ही लिहिलेलं वाक्य शोधा. सापडलं की तुमचं लिखाण कुठे राहतं ते डोळ्यांनी दिसलं. मायएसक्यूएलच्या डेटा फोल्डरमधून तुमच्या डेटाबेसचा तेवढा फोल्डर उचलून चालत नाही, हेही लक्षात असू द्या. तक्ते त्यातून सहसा परत उभे राहत नाहीत. एक्स्पोर्टच घ्या, आणि फाइलच्या नावात तारीख घाला. पीएचपी आणि वर्डप्रेसच्या आवृत्त्यांचे आकडे त्याच दिवशी वहीत लिहा. व्हिडिओवाले ते कधीच सांगत नाहीत.

आमच्या ज्युनिअरने नोंदी फील्डबुकवरून परत भरल्या, तीन आठवडे लागले. अकरा झाडांच्या नोंदी फील्डबुकात नव्हत्याच, तिने त्या थेट साइटवर टाइप केल्या होत्या. त्या अकरा फोटोंखालची जागा अजून कोरी आहे.