त्वरेचें शास्त्र

ग्रंथाचें परीक्षण करावयाचें तर तो आधीं सावकाश वाचावा, हा नियम मी गेलीं अठ्ठावीस वर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों आहें. या महिन्यांत मजपुढें जें लहानसें टिपण आलें तें मात्र एक कृति कमींत कमी वेळांत कशी संपवावी हें शिकविणारें आहे. माझा भाचा यंत्रशास्त्राच्या महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा तोंडावर आली असतां रात्रीं दीड वाजतां तो पडद्यासमोर बसून एका चिमुकल्या मुष्टियोद्ध्याकडून एका धिप्पाड माणसाला पुन्हा पुन्हा ठोसे मारवीत होता. मीं विचारलें, "हा खेळ तूं गेल्या वर्षींच जिंकला होतास ना?" तो म्हणाला, "जिंकला होता, मामा. पण तेव्हां बावीस मिनिटें लागलीं." यावर मीं त्याला जें ऐकविलें तें येथें लिहीत नाहीं. गाइडें वाचून पदवी मिळविणाऱ्या मुलांविषयीं माझें जें मत आहे, तेंच थोड्या अधिक कडक शब्दांत त्याच्या वांट्याला आलें. त्यानें तें निमूटपणें ऐकून घेतलें, आणि जाणत्या खेळाडूंनीं नवशिक्यांसाठीं लिहिलेल्या सूचनांचें तें टिपण माझ्या हातीं देऊन म्हटलें, "आधीं हें वाचा, मग राहिलेला राग काढा."

हा सारा व्यवहार ज्यांच्या कानांवरून गेला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. व्हिडिओ गेम घड्याळ लावून आरंभापासून शेवटापर्यंत शक्य तितक्या लवकर पार करणें यास स्पीडरन म्हणतात. त्याचे वेळ नोंदविणारे, तपासणारे आणि मोडणारे लोक जगभर आहेत. २०१० पासून अमेरिकेंत 'गेम्स डन क्विक' या नांवानें धर्मादाय कार्यासाठीं अशा खेळांचे मेळावेही भरतात. प्रस्तुत खेळ त्या मंडळींच्या फार आवडीचा आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीनें १९८७ सालीं तो घरगुती यंत्रासाठीं काढला आणि त्या काळच्या जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याचें नांव त्याला दिलें: 'माइक टायसन्स पंच-आउट'. नांवाचा करार संपल्यावर १९९० सालीं टायसनच्या जागीं 'मिस्टर ड्रीम' हा कल्पित वीर बसविण्यांत आला. नायक लिटल मॅक सतरा वर्षांचा, वजनानें १०७ पौंड, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतला. त्याला एकामागून एक चौदा लढती द्याव्या लागतात, आणि पडद्यावर बहुतेक प्रतिस्पर्धी त्याच्या दुप्पट दिसतात. फेरी तीन मिनिटांची. एका फेरींत प्रतिस्पर्धी तीनदां भुईवर आला कीं लढत तेथेंच संपते. काटेकोर लोक म्हणतील कीं, १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'सारखा दोन समबल योद्ध्यांचा खेळ तोच खरा युद्धाचा खेळ. हें तर मुष्टियुद्धाच्या वेषांतलें कोडें आहे. आक्षेप बरोबर आहे. पण कोडें असल्यामुळेंच तो आम्हां वाचणाऱ्या माणसांच्या अधिक जवळचा आहे.

सामान्य माणसाच्या या खेळांत कित्येक संध्याकाळी जातात. तरबेज माणूस तो पंधरा-सोळा मिनिटांत उरकतो. तेव्हां टिपणांत पळवाटांची यादी असेल अशा अपेक्षेनें मीं पेन्सिल हातीं घेतली. पहिलीच सूचना अशी निघाली कीं, आरंभीं वेळ मोजूंच नये. खेळ दोन-चार वेळां निवांतपणें पुरा करावा. कोणता प्रतिस्पर्धी कधीं काय करतो हें अंगवळणीं पडूं द्यावें. दुसरी सूचना, पट्टीच्या खेळाडूंच्या धाडसी युक्त्यांची नक्कल करूं नये. दहा सेकंद अधिक गेले तरी चालतील, पण हमखास साधणारी रीति आधीं धरावी. तिसरी, अडणारी लढत वेगळी काढून तिचाच सराव करावा. आणि चौथी, जी मला सर्वांत मार्मिक वाटली, ती ही कीं, पहिली चूक होतांच डाव टाकून पुन्हा आरंभ करण्याची संवय लावून घेऊं नये. तसें करणारा पहिल्या तीन लढतींत निष्णात होतो आणि शेवटच्या तीन त्याला अनोळखीच राहतात. मिल्टनच्या महाकाव्याच्या पहिल्या सव्वीस ओळींवर अधिकारवाणीनें बोलणारे आणि दुसऱ्या सर्गांत कधीं पाऊल न टाकलेले कित्येक पदवीधर माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना ही सूचना कोणी वेळींच केली असती तर बरें झालें असतें. पांचवी सूचना जुना, काचेच्या नळीचा दूरदर्शनसंच मिळवावा अशी आहे. ती मला प्रथम निव्वळ छंदिष्टपणाची वाटली. परंतु नवे चपटे पडदे चित्र दाखविण्यास क्षणाचा उशीर करतात, आणि या खेळांत एका सेकंदांत साठ चित्रें सरकतात. त्यांतलीं चार-पांच हुकलीं तर ठोसा चुकतो. साधनाची शुद्धता आधीं पाहावी, हें आमच्या तंबोरा जुळविणाऱ्यांना नवें नाहीं.

टिपणाचें खरें मर्म पुढें आहे. मॅकला ठोसे हवे तितके मारतां येत नाहींत. पडद्याच्या वरच्या बाजूस बदामाचें चिन्ह आणि एक आंकडा असतो. ठोसा अडविला गेला किंवा स्वतः मार खाल्ला कीं आंकडा उतरतो. शून्यावर आला कीं मॅक थकून गुलाबी पडतो, आणि कांहीं वार चुकविल्याशिवाय त्याला हात उगारतांच येत नाहीं. म्हणजे उतावळ्याला शासन खेळाच्या रचनेंतच आहे. उलट प्रतिस्पर्धी उघडा पडतो तो बहुधा स्वतः वार करतांना. किंग हिप्पो नांवाचा अगडबंब राजा हात वर करून तोंड उघडतो. तेवढ्यांत तोंडावर ठोसा बसला तर त्याची विजार घसरते, ती सांवरतां सांवरतां पोट मोकळें राहतें, आणि एकदां पडल्यावर तो उठतच नाहीं. इस्तंबूलचा बॉल्ड बुल दूर जाऊन उड्या मारीत बैलासारखा चाल करून येतो. त्या चालींत नेमक्या क्षणीं पोटांत एक ठोसा बसला तर तो जागच्या जागीं कोसळतो. क्षण चुकला तर मॅकच आडवा होतो. घाबरट माणूस बाजूला सरतो व जगतो, पण त्याचा वेळ जातो. ज्याला वेळ वांचवावयाचा आहे त्यानें पुढ्यांत उभें राहून वाट पाहावयाची. हें वाचतांना माझ्या पेन्सिलीनें समासांत प्रतिकूल शेरे मारणें हळूहळू बंद केलें, हें मला कबूल केलें पाहिजे.

आमच्या महाराष्ट्राचा या खेळाशीं एक संबंध आहे, आणि तो फारसा गौरवाचा नाहीं. सहाव्या लढतींत 'ग्रेट टायगर' उभा राहतो. खेळांत त्याचें गांव मुंबई असें दिलें आहे. वय २९, वजन १३२ पौंड, डोक्यास फेटा, फेट्यांत रत्न, आणि अंगीं अदृश्य होण्याची जादू! गिरगांवांत किंवा परळास असा माणूस कोणीं पाहिला असल्यास कळवावें. पॅरिसचा भित्रा, माद्रिदचा नखरेल, मॉस्कोचा पेयबाज अशा सोंगांच्या रांगेंतच हें सोंग बसतें, एवढेंच समाधान. पण टिपणांतलें त्याचें वर्णन पाहा. तेथें मुंबई नाहीं, जादू नाहीं, फेटाही नाहीं. तेथें एवढेंच आहे कीं, रत्न चमकलें कीं वार येतो. आणि तो मागें जाऊन भोंवतीं फिरूं लागला कीं बचावाचें बटण धरावें, पांच वार अडवावे, मध्यें हात उगारूं नये. पांचव्यानंतर त्याला घेरी येते, मग एकच ठोसा पुरे. सोंग गळून पडून नुसता ताल उरला आहे. हें सोंगाचें शुद्धीकरण म्हणावें कीं सोंग दिसण्याची शक्तीच गेली म्हणावें, याचा निर्णय मला अजून करतां आलेला नाहीं. माझ्या भाच्यानें हा खेळ शेंकडों वेळां खेळला आहे. "हा मुंबईचा आहे" असें मीं म्हटल्यावर तो चकित झाला.

माझ्या आजीचें गुरुचरित्राचें सप्ताहवाचन मला आठवतें. तिचे ओंठ इतके झरझर हलत कीं लहानपणीं आम्हांस शब्द कळत नसत. त्याच वाड्यांत एक गृहस्थ होते. तेही तितक्याच वेगानें वाचीत. आजीला मध्येंच अडवून एखाद्या ओवीचा अर्थ विचारला तर ती पोथीवरची नजर न काढतां सांगे. ते गृहस्थ रागावत. दोघांचा वेग घड्याळावर सारखा असूनही वाचन एक नव्हतें. गाण्यांतही विलंबितांत बोल बसल्यावांचून द्रुतांत शिरणाऱ्याची काय गत होते हें आपण पाहतोंच. टिपण लिहिणाऱ्यांना हा भेद बहुतेक ठिकाणीं नीट उमगला आहे.

बहुतेक म्हटलें, कारण सर्वत्र नाहीं. डॉन फ्लामेंकोच्या पहिल्या लढतीविषयीं ते जें सांगतात तें ऐकून रसिकाला वाईट वाटावें. हा माद्रिदचा नर्तक आपण पहिला ठोसा मारीपर्यंत हात उचलीत नाहीं. मग तो खालून वर एक वार करतो. तो चुकवून तोंडावर डावा-उजवा, डावा-उजवा असे ठोसे अखंड मारीत राहिलें कीं त्याला सुटतांच येत नाहीं. तो पडतो, उठतो, पुन्हा तेंच. रचनेंतल्या उणिवेचा हा उपयोग चतुर असेल. पण त्यांत पाहणें नाहीं, वाट पाहणें नाहीं, प्रतिस्पर्धीच नाहीं. आणि टिपण नवशिक्याला ही युक्ति मोठ्या आनंदानें देतें, कां तर ती सोपी आहे! असें कां घडतें याचें एक अक्षर तेथें नाहीं. ज्या ठिकाणीं टिपण 'काय पाहावें' हें सांगतें तेथें तें शिक्षकाचें काम करतें. जेथें नुसतें 'काय दाबावें' हें सांगतें तेथें तें गाइडच आहे, आणि माझा राग तेवढ्यापुरता मी परत घेत नाहीं.

याहून गंभीर आक्षेप पुढें आहे. बॉल्ड बुल चाल करून येतो तेव्हां ठोशाच्या नेमक्या क्षणीं प्रेक्षकांत छायाचित्राचा दिवा चमकतो, ही गोष्ट २००९ सालीं निर्मात्यांच्याच मुलाखतींतून पुढें आली. आणि २०१६ सालीं, म्हणजे खेळ निघाल्यावर एकोणतीस वर्षांनीं, असें उघडकीस आलें कीं प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेंत बसलेला एक दाढीवाला गृहस्थ बॉल्ड बुलच्या आणि टोकियोच्या पिस्टन होंडाच्या चालीवेळीं बरोबर त्याच क्षणीं खालीं वांकतो. तो तेथें एकोणतीस वर्षें वांकत होता! ज्यांनीं हजारों तास या पडद्याकडे डोळे लावले त्यांनाही तो दिसला नव्हता, कारण त्यांना त्याची गरज नव्हती. क्षण त्यांच्या बोटांत बसला होता. डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या आवाजावर हा खेळ पुरा करणारे खेळाडू त्यांच्यांत आहेत. २०२५ सालीं एकानें काहीं वर्षें व हजारों प्रयत्न वेंचून खुद्द टायसनला खेळांतल्या घड्याळाच्या दोन मिनिटांच्या आंत हरविलें. त्या तपश्चर्येपुढें मी मान लववितों. पण रचनाकारानें कोपऱ्यांत ठेवलेली खूण पाहावयाला तपस्वी उपयोगी पडत नाहीं. त्याला घाई नसलेला, इकडेतिकडे पाहणारा माणूसच लागतो. टिपणांत अशा पाहण्यासाठीं एकही ओळ नाहीं. लढतींच्या मध्यें मॅक गुलाबी पोषाखांत पळतो आणि त्याचा गुरु डॉक सायकलवरून त्याच्या पुढें जातो, तें सुरेख चित्र घड्याळवाल्याला केवळ अडथळा आहे.

हें लिहितांना पेन्सिल माझ्याचकडे वळली. गेल्या वर्षीं 'पॅरेडाइज लॉस्ट'च्या पहिल्या सर्गाला वेळापत्रकांत अकरा तास होते. मीं तो नऊ तासांत संपविला आणि उरलेल्या दोन तासांत प्रश्नोत्तरें उतरवून दिलीं. मिल्टनच्या लांब उपमा, ज्यांत शेतकरी, खलाशी, पानगळ, काय काय येतें, त्या मीं "या परीक्षेच्या दृष्टीनें गौण आहेत" असें म्हणून वगळल्या. मुलांनीं मान डोलावली. विभागाच्या बैठकींत माझा भाग सर्वांच्या आधीं पुरा झाल्याबद्दल माझें कौतुकही झालें. तो वेग आजीच्या वाचनाचा होता कीं त्या शेजारच्या गृहस्थाचा, हें मला सांगावयास नको. डाव्या-उजव्या ठोशांनीं मीं एक महाकवि भुईवर पाडला होता, आणि त्याला एकदांही हात उचलूं दिला नव्हता.

काल रात्रीं भाच्यानें यंत्र लावून दिलें. मुंबईच्या वाघापर्यंत पोंचावयास मला चार संध्याकाळी लागल्या आहेत. रत्न चमकलें, मी सरलों. तो मागें गेला, फिरूं लागला. मीं बचावाचें बटण घट्ट धरलें. एक, दोन, तीन, चार वार आले व अडले. पांचवा येण्यापूर्वींच माझा हात उगारला गेला आणि मॅक आडवा झाला.

"मामा, तुम्ही आंकडे मोजत होतां," भाचा म्हणाला. "मोजूं नका. ऐका."

दहा आंकडे होण्याच्या आंत मॅकला उठवावयाचें असतें. बटणें भराभर दाबीत मीं त्याला आठव्या आंकड्याला उभें केलें.