‘दुरुस्ती’ या शब्दाविषयीं

शास्त्रीय लेखनाचें परीक्षण करतांना त्यांतील सिद्धांत तेवढे तपासावे आणि भाषेकडे काणाडोळा करावा, अशी आपल्याकडे रूढि आहे. ही रूढि किती महागांत पडते याचा प्रत्यय आम्हांस साखरखेर्डा येथें आला. पक्षाघातानें अंथरुणास खिळलेल्या एका गृहस्थांच्या उशाशीं एक पत्रक होतें. मूलपेशी टोचून ‘मेंदूची दुरुस्ती’ करण्याचें त्यांत अभिवचन होतें, आणि घरांत शेत विकण्याची गोष्ट निघाली होती.

दुरुस्ती विहिरीवरील पंपाची होते. झिजलेला भाग काढून नवा बसविला कीं काम झालें. मेंदूचें तसें नाहीं. मूलपेशीपासून चेतापेशी होते, तशीच तिला आधार देणारी तारकापेशीही होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शुभा तोळे व त्यांचे सहकारी यांचें २०११ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन या निवडीविषयींच आहे. उंदराच्या गर्भांत, स्मृतीशीं निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागांतून ‘एलएचएक्स-२’ हें जनुक काढलें, तर पेशी अकालीं तारकापेशींकडे वळतात. त्याचा अंमल वाढविला, तर चेतापेशींची निर्मिति लांबते. शोध मोलाचा खरा. पण तो घडत्या मेंदूचा आहे, मोडलेल्या मेंदूचा नव्हे. शिवाय चेतापेशी नुसती जन्मून भागत नाहीं. तिनें योग्य जागीं पोंचून इतर पेशींशीं संधान बांधावें लागतें.

आशा दाखविण्यांत पाप काय, असें कोणी म्हणेल. आशेस आमची हरकत नाहीं. अकालीं जयघोषास आहे. १७२४ सालीं याच गांवीं निजाम-उल-मुल्कानें मुबारिझखानास जिंकलें आणि गांवाचें नांव फत्तेखेर्डा ठेविलें. तेथें लढाई आधीं झाली, नांव मागाहून आलें. आमचे पत्रककार, आणि त्यांचीच री ओढणारे कांहीं विज्ञानलेखक, लढाईपूर्वींच फत्ते लिहून मोकळे होतात!

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचीं २०१७ चीं मार्गदर्शक तत्त्वें अधिक जपून बोलतात. रक्तविकारादि मोजक्या व्याधी वगळतां मूलपेशींचा उपचार त्यांनीं प्रायोगिक ठरविला आहे, आणि प्रयोगासाठीं रुग्णाकडून पैसे घेण्यास मनाई केली आहे.

आम्हीं पत्रकावरील ‘दुरुस्ती’ खोडून ‘प्रयोग’ असें लिहिलें. गृहस्थांच्या मुलानें तें वाचलें व विचारलें, “मग प्रयोगाचे पैसे आम्ही कां द्यावयाचे?” योग्य शब्दानें योग्य प्रश्न सुचतो, विज्ञानलेखकाकडून आमची अपेक्षा याहून अधिक नाहीं.