‘ड्रामा’ : गायकांतर आणि कलाकृतीचे मूल्यमापन

‘येस’ या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाची ‘ड्रामा’ ही ध्वनिमुद्रिका ऑगस्ट १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी काही महिने, १९६८ मधील स्थापनेपासून वृंदाचा मुख्य गायक असलेला जॉन अँडरसन आणि कीबोर्डवादक रिक वेकमन हे दोघेही बाहेर पडले होते. त्यांची जागा ट्रेव्हर हॉर्न व जेफ डाउन्स यांनी घेतली. हे दोघे ‘बगल्स’ या नावाने ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ (१९७९) हे लोकप्रिय गीत देणारे कलावंत. दीर्घ व गुंतागुंतीच्या रचना करणाऱ्या वृंदाशी त्यांचा मेळ अनेकांस विजोड वाटला. ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. तथापि वृंदाच्या इतिहासात तिची गणना बहुधा एक अपवाद म्हणूनच होत राहिली.

या उपेक्षेच्या मुळाशी एक गृहीत आहे : गायक म्हणजेच वृंद. ते तपासून पाहण्यास येथे दुर्मीळ साधन उपलब्ध आहे. ‘इन्टू द लेन्स’ हे ‘ड्रामा’मधील गीत हॉर्न व डाउन्स यांनी १९८१ मध्ये ‘आय अॅम अ कॅमेरा’ या नावाने ‘बगल्स’साठी पुन्हा ध्वनिमुद्रित केले. म्हणजे एकाच रचनेचे दोन पाठ हाती येतात आणि दोहोंत गायक हॉर्नच आहे. ‘बगल्स’चा पाठ सुमारे पाच मिनिटांचा, मितव्ययी आहे, ‘येस’चा पाठ साडेआठ मिनिटांचा. त्यातील विस्तार स्टीव्ह हाऊची गिटार, ख्रिस स्क्वायरची बेस गिटार आणि अॅलन व्हाइटचे तालवादन यांतून सिद्ध होतो. कंठ तोच राहूनही शैली पालटते. तेव्हा शैलीचे अधिष्ठान केवळ कंठात नव्हते, हे मान्य करावे लागते.

‘मशीन मसायाह’ ही दहा मिनिटांहून दीर्घ रचना याची साक्ष देते. तिचा जड, काळोखा आरंभ ‘येस’च्या पूर्वलौकिकाशी जुळत नाही, परंतु स्वरमेळातील स्क्वायरचा आवाज पूर्वीच्या ध्वनिमुद्रिकांतही होताच. त्यामुळे नावीन्य आणि सातत्य येथे एकत्र नांदतात.

अर्थात मर्यादाही स्पष्ट आहेत. दौऱ्यात अँडरसनच्या उंच पट्टीतील जुनी गीते गाणे हॉर्नला जड गेले आणि १९८१ मध्ये वृंद विसर्जित झाला. मात्र रंगमंचावरील या अडचणीचा दोष ध्वनिमुद्रिकेवर लादणे न्याय्य नव्हे. वृंद पुन्हा उभा राहून अँडरसन परतल्यावर ‘९०१२५’ (१९८३) निघाली. तिचा निर्माता हॉर्नच होता आणि तिच्यातील ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ १९८४ मध्ये अमेरिकेत प्रथम क्रमांकावर पोचले. ज्याला उपरा मानले, त्याच्याच हाताने वृंदाच्या उत्तरकाळाला आकार आला. म्हणून ‘ड्रामा’कडे खंड म्हणून न पाहता दोन कालखंडांमधील सांधा म्हणून पाहणे अधिक यथार्थ ठरते.