नाव लागले, पुढे काय?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधली साडेपंधरा वर्षे केवळ एका पाटीसाठी गेली, असे मी मानत नाही. ज्ञान कोणाचे आणि ते कोणी ठरवायचे, हा खरा झगडा होता. विरोधकांना तो नेमका कळला होता. आपल्याला कितपत कळला, हा माझा प्रश्न आहे.

१८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारे होते. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेऊन पदव्या वाटू नयेत, शिकवावे आणि संशोधन करावे, अशी भूमिका बाबासाहेबांनी १९२४ साली विद्यापीठ सुधारणा समितीपुढे मांडली. १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात ते आणखी पुढे गेले. बुद्धी आहे पण पैसा नाही, अशांना शिकण्याची सोय करून देणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ, असा त्यांचा आशय होता. १९५० साली औरंगाबादेत उभे राहिलेले मिलिंद महाविद्यालय हे त्या विचाराचे प्रत्यक्ष रूप होते.

आज काय दिसते? १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक आले आणि पैसा हीच पात्रता ठरू लागली. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक पुढल्या वर्षाची शाश्वती नसताना शिकवतो. त्याने व्यवस्थेला प्रश्न विचारावा कसा? १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाने आपले आयुष्य संपवले. प्रवेश मिळाला म्हणजे माणूस म्हणून स्वीकार झाला असे नव्हे, हे त्या दिवसाने पुन्हा दाखवले.

पण दोष केवळ प्रस्थापितांना देऊन भागणार नाही. दलित साहित्य अभ्यासक्रमात आले याचा आपल्याला आनंद झाला. तिथे त्याचे दहा गुणांचे प्रश्न झाले, याकडे आपण पाहिले नाही. ‘वेदना, विद्रोह, नकार’ ही त्रिसूत्री घोकून लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत. लेखकाचे नाव बदलले तरी निष्कर्ष तोच. बुद्धाने तपासल्याशिवाय मानू नका म्हटले. आपले संशोधक आपल्याच माणसांचे लेखन तपासायला कचरतात. भक्ती ही चिकित्सा नव्हे, मग ती बाबासाहेबांची का असेना.

म्हणून मला दोन भवितव्ये दिसतात. एक, पैसे मोजणाऱ्याला पदवी देणारे दुकान, दारावर बाबासाहेबांचे नाव असलेले. दुसरे, ऊसतोड कामगाराची मुलगी जिथे आपल्या गावाची जमीन, पाणी, मजुरी आणि जात यांचा अभ्यास स्वतःच्या भाषेत करील आणि तिचे म्हणणे ज्ञान म्हणून नोंदले जाईल असे विद्यापीठ. पहिले आपोआप होते आहे. दुसऱ्यासाठी लढावे लागेल. नामांतराची लढाई दाराशी झाली. ही वर्गात आणि ग्रंथालयात होईल, आणि तिथे आपण स्वतःलाही सोडता कामा नये.