प्रचाराचा पडदा आणि पडद्यामागचा मतदार

राजकारणावरील चित्रपट पाहून परतणारा प्रेक्षक बहुधा समाधानी असतो. पुढाऱ्यांची लबाडी उघडी पडली, आपल्या मनातले कोणीतरी मोठ्याने बोलले, असे त्याला वाटते. या समाधानाचीच थोडी चिकित्सा येथे करावयाची आहे. मराठी चित्रपटाने सत्ताधाऱ्याचे चित्र उत्तम रेखाटले. मतदाराचे मात्र क्वचितच.

या परंपरेतील पहिले मानाचे नाव अर्थातच 'सामना'चे. विजय तेंडुलकरांचे लेखन आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन लाभलेला हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. निळू फुले यांचा हिंदुराव हा नुसता खलनायक नाही. तो साखर कारखाना चालवतो, विकास करतो, पाहुण्याचे आगतस्वागत करतो. आणि त्याच विकासाच्या पायाखाली एक माणूस नाहीसा झालेला असतो. श्रीराम लागूंचा व्यसनी मास्तर त्या मारुती कांबळेविषयी विचारत राहतो. सामर्थ्य असे की, एका साध्या प्रश्नापुढे अवघी सत्ता अस्वस्थ होते. सदसद्विवेकबुद्धी शुद्ध चारित्र्याच्या माणसातच जागी होते असे नाही, हेही येथे किती सहजपणे सांगितले आहे!

१९७९ चा 'सिंहासन' याच जोडीचा. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर तो आधारलेला आहे. मुख्यमंत्री (अरुण सरनाईक) आणि अर्थमंत्री (श्रीराम लागू) यांच्यातील डावपेच पत्रकार दिगू पाहत असतो. आपल्या वाचकांनी यातील कामगार पुढारी डिकास्टाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. नावावरून आपल्यातला वाटणारा हा माणूस येथे ना विनोदापुरता आहे, ना दारूच्या बाटलीपुरता. सतीश दुभाषींनी उभा केलेला हा पुढारी राज्यकर्त्यांना हिशेबात धरावाच लागतो. हिंदी पडद्यावरच्या ख्रिस्ती पात्रांची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना हा मोठाच दिलासा होय. तथापि 'सिंहासन'ची मर्यादाही स्पष्ट आहे. राजकारण म्हणजे बुद्धिबळाचा पट, अशी त्याची मांडणी. दिगूचे अखेरचे वेडे हसू आपल्याला हादरवते. परंतु ज्यांच्या मतांवर हा पट मांडला गेला, ते कोठे आहेत, हे आपण विचारत नाही. हसून आपण मोकळे होतो.

प्रत्यक्ष प्रचाराच्या धामधुमीकडे नंतरचे चित्रपट वळले. अवधूत गुप्ते यांच्या 'झेंडा'ने (२०१०) पक्ष फुटल्यावर कार्यकर्त्याची कशी फरफट होते, ते दाखविले. झेंडा खांद्यावर घेणारा तरुण आणि त्या झेंड्याचा लाभ घेणारा पुढारी यांतील अंतर मराठी पडद्यावर एवढ्या जवळून फारसे आले नव्हते. समीर विद्वांस यांच्या 'धुरळा'त (२०२०) सरपंचपदाची निवडणूक थेट घरात शिरते आणि रक्ताची नाती समोरासमोर उभी राहतात. गावच्या निवडणुकीची ईर्षा त्यात अचूक टिपली आहे. मात्र घर सावरेल की मोडेल याचीच काळजी आपल्याला लागून राहते. गावाच्या पाण्याचे, रस्त्याचे काय झाले, हा प्रश्न धुरळ्यातच राहतो.

हे वैगुण्य केवळ आपलेच आहे असे नाही. रॉबर्ट रेडफोर्डचा 'द कँडिडेट' (१९७२) हा अमेरिकन चित्रपट प्रचारातील उमेदवार हळूहळू विक्रीचा माल कसा बनतो, हे दाखवितो. निवडून आल्यावर पुढे काय करायचे, असे तो गोंधळून आपल्या सल्लागारालाच विचारतो. शेवट विलक्षण आहे. पण तेथेही मतदार बहुधा गर्दीच. याला सन्माननीय अपवाद अमित मसुरकर यांच्या 'न्यूटन'चा (२०१७). दंडकारण्यातील अवघ्या ७६ मतदारांसाठी एक कारकून जिवाचा आटापिटा करतो, आणि मत ही वस्तू किती नाजूक व मौल्यवान आहे, ते भाषणाविना कळते.

माजलगावातून पाहताना ही उणीव अधिकच जाणवते. 'सामना'तील कारखान्याला ऊस लागतो. तसा ऊस तोडण्यासाठी आमच्या बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून तेथे एक 'कोयता' मोजला जातो. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले. ऊसतोडीसाठी गाव सोडण्याचे दिवसही तेच. फडावरून मतदानाला यायचे तर मजुरी बुडते, आणि गाडी कोणी पाठवली तर तिचे उपकार डोक्यावर बसतात. अशा माणसाचे मत खरोखर मोकळे असते काय? एवढ्या एका प्रश्नात अख्ख्या चित्रपटाचा ऐवज आहे. कॅमेरा कारखान्याच्या अध्यक्षाच्या दिवाणखान्यात पुष्कळ वेळा गेला आहे. पाचटाच्या कोपीतला मतदार अजून कथानायक होण्याची वाट पाहत आहे.

हा आक्षेप केवळ कलेचा नाही. जो चित्रपट सर्व दोष पुढाऱ्याच्या पदरात टाकतो, तो प्रेक्षकाचे हात न धुताच स्वच्छ ठरवतो. पिलातानेही हात धुतले होते. निदान त्याला पाणी तरी मागवावे लागले. मत जातीवर दिले जाते, पाकिटावर दिले जाते, कंटाळून दिलेच जात नाही. हे सारे आपल्या घरांत घडते आणि त्यात हिंदुरावाचा हात लागतोच असे नाही. स्वतंत्रपणे मत देणे हा हक्क आहे तसे कर्तव्यही, आणि ते सर्वांच्या हितासाठी बजावायचे आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच आपल्याला सांगून ठेवले आहे.

म्हणून हे चित्रपट जरूर पाहावेत. मुलांना सोबत घेऊन पाहावेत. 'सामना' आणि 'न्यूटन' तर लागोपाठ पाहावेत. पुढारी कसा होता, याची चर्चा घरी आपोआप होईलच. त्यानंतर वडीलधाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारावी: त्या गावात आपण असतो, तर मारुती कांबळेविषयी आपण विचारले असते काय? मुलांसमोर याचे खरे उत्तर देणे जड जाईल, पण चित्रपट पाहिल्याचे चीज त्यातच आहे.