ओलिंगीतो : सापडला की ओळखला?

१५ ऑगस्ट २०१३ रोजी ‘झूकीज’ या नियतकालिकात क्रिस्टोफर हेल्गेन व सहकाऱ्यांचा ८३ पानी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात वर्णिलेला ओलिंगीतो हा रॅकूनच्या कुळातला, जेमतेम ९०० ग्रॅम वजनाचा, झाडावर राहणारा निशाचर प्राणी. कोलंबिया व इक्वेडोरमध्ये, अँडीज पर्वतातल्या धुक्याच्या जंगलांत तो राहतो. ‘३५ वर्षांनी अमेरिका खंडांत नवा मांसभक्षी सापडला’ अशी बातमी जगभर झाली. (मांसभक्षी हे गणाचे नाव, खातो तो मुख्यतः फळे!)

निबंध वाचल्यावर ‘सापडला’ हा शब्द खटकतो. २००३ साली हेल्गेन शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ओलिंगोंची कातडी व कवट्या तपासत होते. काही कातडी अधिक तांबूस, कवट्या लहान, दाढा मात्र मोठ्या. ज्या नमुन्यावरून जातीचे वर्णन झाले तो १९२३ सालीच गोळा झालेला होता. एक मादी तर १९६७ ते १९७६ या काळात अमेरिकेतल्या अनेक प्राणिसंग्रहालयांतून फिरली. ओलिंगोंशी तिची जोडी जमेना, पण ती वेगळ्या जातीची असेल हे कोणाला सुचले नाही. जंगलात जाऊन शोध घेण्याची मोहीम त्यानंतरची, २००६ सालची.

माझ्या मते निबंधाचा खरा कस बातमीत न आलेल्या भागात आहे. लेखकांनी संपूर्ण प्रजातीच पुन्हा तपासली. पूर्वी तिच्यात पाच जाती मानत. त्यांतली तीन नावे त्यांनी रद्द केली, एका उपजातीला जातीचा दर्जा दिला आणि ओलिंगीतोची भर घातली. म्हणजे ‘नवी’ जाती मिळूनही एकूण संख्या पाचावरून चारावर आली! कवट्यांची मापे, डीएनए आणि प्रदेशाची उंची हे तीन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून ही वजाबाकीही पटते.

स्वभाव व सवयींचा भाग मात्र तोकडा आहे. मोजक्या रात्रींच्या निरीक्षणांवर तो उभा आहे. योग्य अधिवासापैकी ४२ टक्के जमीन शेती व वस्तीखाली गेली, हा आकडाही प्राण्यांच्या मोजणीतून आलेला नाही. ज्ञात ठिकाणांच्या हवामानावरून संगणकाने काढलेला तो अंदाज आहे. वर्गात सांगताना हा फरक गाळू नये.

निबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतो. त्यातली चारही जातींच्या कवट्यांची चित्रे नावे झाकून मुलांपुढे ठेवावीत, आणि वेगळी कोणती ते त्यांनाच शोधू द्यावे.