दारूची लंका आणि शेजारचा बॉम्ब

दिवाळी अंकात फटाक्यांवर टीका लिहावयाची म्हणजे दुधात मिठाचा खडा टाकणेच होय, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहितो. नाटकावर टीका होते, चित्रावर होते, गाण्यावर तर घरोघर होते. मग जे काम न बोलावता आपल्या कानांवर येऊन आदळते, त्यालाच तेवढी सूट का द्यावी?

दारूकाम ही एके काळी कला होती, यात मात्र शंका नाही. देवरुखास जन्मलेले आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेत आयुष्य वेचलेले संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातील भारतीय दारूकामाचा इतिहास एका लहानशा इंग्रजी पुस्तिकेत मांडला. ती १९५३ साली निघाली. तीत एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील आतषबाजी आहे, तसाच पेशव्यांच्या बखरीतला एक सुंदर प्रसंग आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवतात. गावाबाहेर दारूची लंका रचलेली. तीत रावण, राक्षस, वानर. आणि शेपटीला बत्ती लागताच उडून लंकेला आग लावीत सुटणारा दारूचाच मारुती! पेशव्यांना ते पाहावेसे वाटले. पंधरा दिवसांत तयारी झाली आणि एका अंधाऱ्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी, लोटलेल्या गर्दीसमोर लंका जळाली.

पूर्वीचे ते सारे चांगले, असे म्हणणारा मी नव्हे. ती लंका सरकारी पैशाने जळाली, आणि तिच्या धुराने कोणी खोकले असेल तर बखरकाराने ते टिपलेले नाही. पण तिला जागा होती, वेळ होती आणि गोष्ट होती. पाहणारे मुद्दाम पाहावयास आले होते. आपला सुतळी बॉम्ब घ्या. त्याला यांतले काहीच नाही. दुसऱ्यांचे राहो, वात पेटवणारासुद्धा कानांत बोटे घालून पाठ फिरवून पळतो! जी कृती कर्त्यालाच पाहवत नाही, तिच्यापुढे शेजाऱ्याला मात्र सक्तीने बसावे लागते.

कायद्याने आपल्या परीने वेळ बांधून दिली आहे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली. २०१८ साली दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा एवढीच मुभा ठेवली. पण वेळेपलीकडे आणखी एक गोष्ट आहे, ती मला माझ्या गावात कळली.

आमचे सव महाडजवळ, सावित्रीच्या काठी, गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. आमच्या तालुक्यात आवाजाचा अर्थ निराळा आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली; त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीही दरडीखाली आली. महाड शहर पुरात बुडाले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होते. मध्ये जेमतेम साडेतीन महिने.

डोंगरातल्या एका वाडीवरची आमची आत्या तेव्हा आमच्याकडे होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या अंगणात बॉम्ब फुटला. आत्या अंथरुणातून उठली, निजलेल्या नातवाला तिने काखेत उचलले आणि ‘दरड आली रं!’ म्हणत थेट रस्त्यावर गेली.

मी शेजारी गेलो. म्हणालो, ‘भाऊ, आत्या फार घाबरलीय. भुईनळे लावा, फुलबाज्या लावा. पण बॉम्ब नको.’

ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘दादा, चार महिने रडतोच आहोत. पोरांनी आता हसायचं पण नाही का?’

मला उत्तर सुचले नाही. त्यांचे महाडातले दुकान पुरात गेले होते. भिंतीवर चिखलाची रेघ अजून तशीच होती. वाईट काळात दिवाळी करू नये, असे सांगण्याचा अधिकार मला नव्हता, आणि तसे मला वाटतही नव्हते. आनंद त्यांच्या पोरांना हवाच होता. माझी तक्रार एवढीच, की त्या आनंदाचा आवाज कुठे पोचतो आणि तिथे त्याचा काय अर्थ होतो, हे त्यांनी पाहिले नव्हते. आणि खरे सांगायचे तर, आत्या आमच्याकडे आली आहे हे मीही त्यांना आधी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सांजावल्यावर त्यांच्या पोरांनी आमच्या अंगणात भुईनळे लावले. आत्या उंबऱ्यावर बसून पाहत होती. एक भुईनळा माडाच्या निम्म्याइतका उडाला, तेव्हा नातवाबरोबर तिनेही टाळी वाजवली. रात्री साडेदहाला वरच्या आळीत पुन्हा बॉम्ब फुटलाच. आत्या दचकून उठली. पण या वेळी शेजारच्या वहिनी धावत आल्या आणि तिला झोप लागेपर्यंत जवळ बसल्या.

वाचकहो, यंदा फटाक्यांची पिशवी सोडण्याआधी शेजारच्या दारात फराळाचे ताट घेऊन जा, आणि घरात आजारी, म्हातारे, तान्हे, घाबरलेले कोण आहे, ते विचारा. दारात कोणी विचारावयास आले, तर आपणही संकोच न करता सांगा.